मामाचा बांध आणि समुद्राच्या तळातला चिखल

नेहमीसारखाच हा एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या मे महिन्यात मामाकडे गेलो होतो. लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या अंगाला त्यांचं शेत. काळी जमीन, पण उताराची. मामा म्हणाले, यंदा मधला बांध फोडतो, दोन तुकड्यांचा एक करतो, ट्रॅक्टरला वळायला बरं पडतं. मी म्हणालो, "मामा, माती वाहून जाईल ना?" मामा हसले. "काय सांगायलास लेका! पाऊसच पडंना झालाय. माती वाहायला आधी पाणी तर पाहिजे?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगू, मलाही पटलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा मुलखात धूप कसली? पाऊस कमी, तर धूप कमी.

हे गणित चुकतंय, हे मला नंतर कळलं, आणि कळलं ते समुद्राच्या तळातल्या चिखलावरून. आज त्याचीच गोष्ट.

आधी रस्ता समजून घेऊ. पावसाळ्यात नांदेडच्या घाटावर उभे राहा. गोदावरी चहासारखी दिसते. तो रंग म्हणजे कुणाच्या तरी शेताची माती. लातूरची मांजरा पुढे तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिथून राजमहेंद्री, आणि मग बंगालचा उपसागर. जाडी वाळू मुखापाशीच बसते. बारीक गाळ पाण्याबरोबर पुढे जातो आणि खोल समुद्रात हळूहळू तळाला बसतो. थरावर थर, हजारो वर्षं.

माझ्यासारख्या कोडवाल्यांना हे लगेच कळेल. ही एक लॉग फाइल आहे, जिच्यात फक्त शेवटी ओळ जोडता येते, मागची खोडता येत नाही. एकच भानगड आहे, तळातले किडे वरचा थोडा चिखल ढवळत राहतात, त्यामुळे टाइमस्टॅम्प जरा पुसट होतो. एकेका वर्षाचा हिशेब मागायचा नाही, शतकांचा मागायचा.

ही लॉग फाइल २००६ मध्ये उघडली गेली, तीही भलत्याच कामासाठी. भारत सरकारला समुद्रतळाखाली गोठून बसलेला मिथेन वायू, म्हणजे गॅस हायड्रेट, शोधायचा होता. त्यासाठी 'जॉइडेस रिझोल्यूशन' नावाचं खोदाईचं जहाज आणलं होतं. गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२६८ मीटर खोल पाण्यात त्यांनी तळात पाइप घुसवून गाळाचा लांबच लांब दंडगोल बाहेर काढला. त्यातला वरचा साधारण साडेआठ मीटरचा भाग गेल्या ११-१२ हजार वर्षांचा. म्हणजे शंभर वर्षांना सरासरी सात सेंटीमीटर. तुमच्या फोनच्या रुंदीएवढं एक शतक.

अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेतले लिव्यू जोसान, कामिलो पोन्टन आणि त्यांचे सहकारी या चिखलावर बसले. वाचायचं कसं, तर चिखलात तीन-चार वेगवेगळे साक्षीदार असतात.

पहिला साक्षीदार म्हणजे फोरामिनिफेरा. वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव, चुन्याचं कवच करणारे. कवचातल्या कार्बन-१४ वरून थराचं वय निघतं. त्याच कवचातला ऑक्सिजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. नद्यांचं गोडं पाणी भरपूर आलं की समुद्राचं वरचं पाणी हलक्या ऑक्सिजनचं होतं, पाऊस आटला की जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. जीव मेला, कवच तळाला गेलं, त्या पावसाची नोंद राहिली.

दुसरा साक्षीदार मला सगळ्यात आवडतो. पानांवरचं मेण. केळीच्या पानावरून पाणी कसं घरंगळतं? ते या मेणामुळे. पान कुजलं तरी मेण टिकतं, मातीबरोबर नदीत येतं, समुद्रात पोचतं. झाडं-झुडपं कार्बन एका पद्धतीनं घेतात. उष्ण कोरड्या जागी तगणारी बरीच गवतं तो दुसऱ्या पद्धतीनं घेतात, आणि आपली ज्वारी, बाजरी याच दुसऱ्या गटातली. दोघांच्या मेणातला कार्बन वेगळा असतो. (ऊससुद्धा गवतच, ज्वारीच्याच गटातला. म्हणजे आजच्या लातूरचं मेण वाचून कुणी "हा तर कमी पाण्यात भागवणारा मुलूख" म्हणालं, तर त्याला फसवलंय आपल्या उसानं.)

तर मेण काय म्हणालं? सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत जगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, आणि मग तशाच राहिल्या. कवचं म्हणाली, गेल्या ३,००० वर्षांत, आणि त्यातही १,७०० वर्षांपूर्वीनंतर, मधूनमधून समुद्राचं पाणी फार खारं झालंय, म्हणजे नद्यांचं पाणी कमी आलंय. सलग नाही, टप्प्याटप्प्यानं. दुष्काळाचे फेरे.

२०१२ ला हे छापून आलं. मामाला लागू पडणारी गोष्ट मात्र २०१७ च्या पुढच्या शोधनिबंधात आहे.

आता प्रश्न होता, गाळ किती आला आणि कुठून आला. गोदावरीच्या वरच्या भागात आपला काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खाली पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक. दोन्हींतल्या निओडिमियम या मूलद्रव्याची ठेवण वेगळी, जणू आधार नंबरच. त्यावरून माती कुठली ते सांगता येतं. आणि दिसलं असं, की मोसमी पाऊस कमजोर होत गेला त्याच काळात समुद्रात येणारा गाळ वाढला, त्यात आपल्या काळ्या मुलखाचा वाटाही वाढला. एवढंच नाही, त्या गाळातला जमिनीवरचा कार्बन समुद्रात पोचेपर्यंतच जुना झालेला होता. म्हणजे यंदाचा पालापाचोळा कमी, मातीच्या पोटात मुरलेला जुना साठा जास्त. जमीन खोलवर खरवडली जात होती.

पाऊस कमी आणि धूप जास्त? इथे मी दोनदा थांबून वाचलं.

कारण तसं साधं आहे. पाऊस घटला की झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते. पण आपला पाऊस बंद होत नाही, तो दोन-चार दांडग्या झडींत कोसळतो. भेगाळलेल्या उघड्या जमिनीवर ती झड पडली की धरायला मूळच नसतं. त्यावर भर शेतीची. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबाद अशी शेतकऱ्यांची गावं होती, पुढे लोखंड आलं आणि पठारावर नांगर पसरला. सुरुवात हवामानानं केली, आपण वेग वाढवला.

आता हजारो वर्षांच्या आलेखावरून मामाच्या चार एकरांचा हिशेब काढणं हा आगाऊपणा आहे, मान्य. पण पाणी आणि मातीचं वागणं तेच आहे.

मी फोनवर मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, जे सहसा होत नाही. मग विचारलं, "त्या चिखलात आपल्या शेताची माती आहे का?" मी म्हणालो, एकेक शेत ओळखता येत नाही, पण काळ्या खडकाची आहे म्हणजे आपल्याच मुलखाची. आणि आता बरीचशी समुद्रापर्यंत जातच नाही, वाटेत धरणांत आणि तलावांत बसते.

मामा जरा वेळ गप्प. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या तलावातला गाळ आणून शेतात टाकला होता, डिझेलचे पैसे घालून.

"म्हणजे माझीच माती मी इकत आणली म्हण की," ते म्हणाले.

बांध अजून आहे. दिवाळीनंतर बघू म्हणालेत.