वारली चित्रें आणि नित्याच्या वस्तू

गंगापूर रोडवर संध्याकाळीं फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तेथील एका दुकानाच्या दारांत गेरूच्या रंगाचीं पायपुसणीं टांगलेलीं दिसलीं. त्यांवर पांढऱ्या रेघांची एक चौकट, कडेनें नक्षीच्या ओळी आणि मधोमध एक आकृति छापलेली होती. विचारतां, "वारली डिझाईन आहे, फार खपतें," एवढें उत्तर मिळालें. त्या चौकटीस वारली लोक चौक म्हणतात आणि मधली आकृति पालघाट देवीची असते, हें त्या गृहस्थास ठाऊक नव्हतें. छापणाऱ्यासही ठाऊक नसावें.

वारल्यांची मुख्य वस्ती डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत असली, तरी आपल्या नाशिक जिल्ह्यांतील पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतही ते राहतात. लग्नाच्या वेळीं कुडाची भिंत सारवून, तीवर गेरू देऊन, सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. चित्र 'काढणें' नव्हे, 'लिहिणें' हाच त्यांचा शब्द. टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा त्यांचा कुंचला. चौकांत पालघाट, शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणीं म्हणते, आणि चौकावांचून लग्न लागत नाहीं.

मी हरसूलच्या बाजूस शिक्षक असतांना एकदां चित्रकलेच्या तासाला मुलींस म्हणालों, "घरच्या भिंतीवर असतें तें काढा." त्यांनीं झाडें काढलीं, मोर काढले, तारप्याचा नाच काढला, चौक मात्र कोणी काढीना. मीं एकीस फारच आग्रह केला, तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, तो लग्नाबिगर नाय लिवत." मीं तिची वही मिटून ठेविली. आमच्या मॅट्रिकच्या अभ्यासांत हें कोठें नव्हतें.

म्हणून हीं चित्रें भिंतीवरून खालीं आणूंच नयेत, असें म्हणणारे कांहीं सज्जन आहेत. त्यांचें म्हणणें मला पटत नाहीं. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणूकडे कागद नेला, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं त्या कागदावर पेरणी, मासेमारी, नाच असा सारा संसार मांडला. त्यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. भोंवतालचें जग कागदावर आलें, आणि पुष्कळ घरांत त्यावर चूल पेटूं लागली. कागदाबरोबर कुंचला मात्र बव्हंशीं पुरुषांच्या हातीं गेला. ज्या सवाशिणींनीं तो पिढ्यान् पिढ्या धरला, त्यांचीं नांवें कोणी टिपून ठेविलीं नाहींत.

वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली आहे. १९९९ च्या त्या कायद्यानें नांवाचें रक्षण होतें. दुसरीकडील मालास तें नांव लावतां येत नाहीं. पण नांव न लावतां नुसत्या आकृति उचलल्या तर? स्वामित्वहक्काचा कायदा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत त्याच्या कृतीस आधार देतो. आतां पालघाटच्या चौकाचा कर्ता कोण म्हणून सांगावयाचें? दोन्ही कायद्यांच्या मधल्या या बोळांतूनच तें पायपुसणें बाजारांत आलें.

वस्तु घडविणाऱ्यानें चित्र उचलून वस्तूकडे नेण्याऐवजीं वस्तु उचलून चित्रकाराकडे न्यावी. दोन त्रिकोण टोंकाशीं जोडले कीं धड, वर वाटोळें डोकें, रेघांचे हातपाय: हें माणूस सपाट, रुंद भिंतीवर वाढलें आहे. पेल्याच्या वाटोळ्या पाठीवर तारप्याचा फेरा सुरेख बसेल. त्याच पेल्यावर शेताचें चित्र कोंबलें तर अर्धे बैल कानामागें जातील! हें लिहिणाऱ्याचा हात चटकन् सांगतो. काय लिहावयाचें नाहीं, हेंही तोच सांगतो; तेथें वाद घालूं नये. राहिला पैशांचा प्रश्न. पांच चित्रें एकदां विकत घेऊन हजारों चादरींवर छापणें हा व्यवहार पावतीपुरता चोख असेल. पण पुस्तकाच्या लेखकास प्रतीमागें कांहीं भाग मिळतो. मग चित्र लिहिणारीस चादरीमागें कां मिळूं नये? आणि कोपऱ्यांत तिचें व गांवाचें नांव छापावयास कितीशी शाई लागते?

दुसऱ्या दिवशीं मीं त्या दुकानदारास पालघाटविषयीं सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि पायपुसणीं दारावरून काढून आंत ठेविलीं. विकणार नाहीं, असें कांहीं तो म्हणाला नाहीं. मग त्यानेंच विचारलें, "भिंतीला लावायला असलं काही करून देईल का कुणी? पण चालेल असं हवं." पेठेकडील एका बाईंस विचारून सांगतों, असें मीं कबूल केलें आहे. येत्या बाजारच्या दिवशीं तिकडे जावयाचें आहे.