नवा पार्ट बसवला आणि पिवळा दिवा लागला

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघाले की जळकोट लागते. या रस्त्यावर धावणाऱ्या अनेक चारचाकींत कंपनीने न दिलेल्या वस्तू असतात. बाहेरून बसवलेले सीएनजी किट, घुमणारा सायलेन्सर, जास्त उजेडाचे दिवे, कर्कश हॉर्न, ‘गाडीचा श्वास मोकळा होतो’ म्हणून लावलेला एअर फिल्टर. मग एके दिवशी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि मालकाला दोन सल्ले मिळतात. ‘काही होत नाही, चालवा’ हा पहिला. ‘स्कॅनर लावून दिवा घालवून देतो’ हा दुसरा. आरोग्याच्या सदरात गाडीचा दिवा कशाला, असे वाटेल. पण हा दिवा मुळात धुराच्या राखणीसाठीच आला.

इंजिनावर देखरेख करणारा छोटा संगणक, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ईसीएम, अनेक सेन्सरकडून माहिती घेत असतो. हवा किती आत गेली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण तो सांभाळतो. ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की एक कोड नोंदवून दिवा लावतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की हा कोड वाचता येतो.

गोंधळ होतो तो यापुढे. कोड म्हणजे निदान नव्हे. ‘ताप १०२’ हे जसे आजाराचे नाव नाही, तसेच पी०१७१ म्हणजे ‘ऑक्सिजन सेन्सर खराब’ नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी दिसते आहे. दिसते आहे, हा शब्द महत्त्वाचा. नवा सायलेन्सर बसवताना सेन्सरच्या आधीचा जोड नीट आवळला गेला नाही, तर त्या फटीतून बाहेरची हवा धुरात ओढली जाते. सेन्सर बिचारा खरेच सांगतो, की प्राणवायू जास्त आहे. ईसीएम त्यावर विश्वास ठेवून गरज नसताना पेट्रोल वाढवतो. चार-पाच हजारांचा नवा सेन्सर घातला तरी दिवा परत लागतो, कारण दोष दहा-वीस रुपयांच्या गॅस्केटमध्ये होता.

नवे औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर आम्ही आधी त्या औषधाकडे पाहतो. गाडीतही पहिला प्रश्न हाच: दिवा लागण्याआधी शेवटचे काय बसवले, आणि ते बसवताना कशाला हात लागला? सीएनजी किट असेल तर एक फुकटची चाचणी आहे. गाडी काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. तक्रार गॅसवरच येत असेल तर किटचे ट्यूनिंग, गॅसचा फिल्टर किंवा प्लग पाहावेत. गॅस पेटायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे पेट्रोलवर निभावलेला जुना प्लग गॅसवर मिसिंग मारतो. पेट्रोलवरही तोच कोड आला, तर किटसाठी मॅनिफोल्डला पाडलेली छिद्रे, निसटलेली व्हॅक्यूमची नळी आणि कापून टेप गुंडाळलेल्या वायरी तपासाव्यात. तेल लावलेला फिल्टर असेल तर ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसू शकते. हॉर्न किंवा दिव्यांसाठी मूळ वायरिंगमधूनच वीज चोरली असेल, तर दुसऱ्याच सेन्सरचा व्होल्टेज डगमगतो. आणि हेही खरे, की कधी नव्या पार्टचा काही संबंध नसतो. जुनी बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात मान टाकते.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार अशीही नोंद राहते. पुसले की ती जाते. एका वेळी एकच बदल करा. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते, पण लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. इंधन न जळता धुरात जाते आहे, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने जळू शकतो.

पी०४२० हा त्या कन्व्हर्टरचाच कोड. तो काढून सरळ पाइप टाकल्यावर हा दिवा लागतो, आणि मग दिवाच बंद करून देणारेही भेटतात. जुनी गाडी घेताना एवढे पाहा: चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागत नसेल तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे. परवानगीशिवाय असे फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किटची नोंद आरसी बुकात हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी.

माझी खरी काळजी मात्र दंडाची नाही. कन्व्हर्टरच्या आधीचा जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडने भरलेला धूर गाडीखाली सुटतो आणि पत्र्यातल्या फटींतून आत येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. पीयूसीची नळी शेवटच्या टोकाला लावतात, मधल्या गळतीची खबर तिला नसते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. लोक त्याला ‘गाडी लागली’ म्हणतात आणि काचा बंद ठेवून एसी वाढवतात. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होणे आणि बाहेर उतरल्यावर बरे वाटणे, ही खूण लक्षात ठेवावी.

अशा वेळी बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही त्या सेन्सरसारखेच चकवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि ते निवांत ९८ दाखवते. म्हणून गाडी थांबवून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, इंजिन बंद करा आणि रुग्णालयात पोहोचल्यावर ‘गाडीत असताना त्रास सुरू झाला, सायलेन्सरचे काम नुकतेच केले आहे’ हे आवर्जून सांगा. त्यावरून रक्ताची वेगळी तपासणी सुचते आणि मास्कने प्राणवायू लगेच सुरू करता येतो. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण सव्वा तास.