घोड्याचं नाव बदलू नये म्हणतात...

अमेरिकेतल्या ग्रीनब्रायर परगण्यात १८५७ साली एक करडं शिंगरू जन्मलं. पहिल्या मालकाने त्याचं नाव ठेवलं जेफ डेव्हिस. यादवी युद्ध पेटल्यावर एका कॅप्टनने ते विकत घेतलं आणि त्याला परगण्याचंच नाव दिलं. १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने २०० डॉलर मोजून तो घोडा आपल्याकडे घेतला आणि त्याचं तिसऱ्यांदा बारसं केलं: ट्रॅव्हलर. इंग्रजी मुलखातल्या तबेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुतीप्रमाणे या जनावराचं काही खरं नव्हतं. घोड्याचं नाव बदललं की अरिष्ट ओढवतं, घोड्यावर नाहीतर स्वारावर, असं तिथे आजही अनेक जण मानतात. ट्रॅव्हलरचं तर दोनदा बदललेलं. प्रत्यक्षात तो युद्धातून जिवंत परतला आणि १८७० मध्ये लीच्या अंत्ययात्रेत काळं कापड लेवून शवपेटीमागून चालला. पुढच्या वर्षी पायात खिळा घुसून त्याला धनुर्वात झाला. तोवर त्याला ट्रॅव्हलर म्हणून हाक मारायला लागून नऊ वर्षं झाली होती.

ही समजूत ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी सगळीकडे भेटते. नव्या मालकाला घोड्याचं नाव मुळीच पसंत नसतं, तरी कागदावर तो तेच राहू देतो. खलाशांमध्ये जहाजांबद्दल अगदी हीच श्रद्धा आहे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला लाँग जॉन सिल्व्हरसुद्धा जहाजाचं बारशाचं नाव बदलू नये याच मताचा. खलाशांना दाखला द्यायला ‘मेरी सेलेस्ट’ होतीच. १८६१ मध्ये नोव्हा स्कोशियात ती ‘अ‍ॅमेझॉन’ नावाने पाण्यात उतरली, एकदा किनाऱ्यावर आपटून मोडली, १८६८ मध्ये तिला नवं नाव मिळालं आणि डिसेंबर १८७२ मध्ये ती अटलांटिकमध्ये तरंगताना सापडली तेव्हा तिच्यावर एकही माणूस नव्हता. हा दाखला देताना एक गोष्ट गाळली जाते. ती ‘अ‍ॅमेझॉन’ होती तेव्हाच तिचा पहिला कप्तान पहिल्याच सफरीत आजारी पडून वारला होता.

घोड्यांच्या बाबतीत मात्र ही भीती निव्वळ हवेतून आलेली नाही. तिच्या मुळाशी काय असावं हे कळायला इंग्लंडमधल्या एप्समच्या मैदानावर जावं लागतं.

एप्समची डर्बी म्हणजे फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. १८४४ च्या डर्बीत ‘रनिंग रेन’ नावाचा घोडा पहिला आला. त्याच्याविषयी कुजबुज आधीपासूनच होती आणि लॉर्ड जॉर्ज बेंटिंक तर पुरावे गोळा करत हात धुऊन मागे लागले होते. दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लँडो’चे मालक कर्नल पील यांनी हरकत घेतली. बक्षिसाचा वाद कोर्टात गेला. न्यायमूर्ती आल्डरसन यांचं म्हणणं सरळ होतं: घोडाच हजर करा, त्याचं तोंड उघडून बघू.

कारण घोड्याचं तोंड खोटं बोलत नाही. पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून तिथे कायमचे दात येतात, तिच्या शेजारची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला. तीन वर्षांचा घोडा आणि चार वर्षांचा घोडा जाणकाराला जबडा पाहताच वेगळे ओळखता येतात. आपल्याकडच्या बैलबाजारात शेतकरी ओठ वर करून दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असं वय सांगतो ते याच विद्येवर. कोर्टात घोडा आलाच नाही, त्याला पळवून नेलं होतं. ज्याला ‘रनिंग रेन’ म्हणून पळवलं तो ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता. बक्षीस ‘ऑर्लँडो’ला मिळालं.

असे बनाव पुढेही होत राहिले. ऑगस्ट १९८४ मध्ये ब्रिस्बेनच्या ईगल फार्म रेसकोर्सवर ‘फाइन कॉटन’ या सुमार घोड्याच्या नावावर ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ हा कितीतरी सरस घोडा उतरवला गेला. दोघांचे रंग जुळत नव्हते म्हणून केसांना लावायचा कलप फासला आणि पायांवर पांढरा रंग चढवला. घोडा जिंकला, पण रंगाचं सोंग लोकांच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं. मैदानातच ओरडा झाला आणि सूत्रधारांना तुरुंगाची हवा खावी लागली.

असल्या व्यवहारात नाव बदलण्याचा अर्थ एकच होता, मागचं काहीतरी पुसायचंय. घोडा चोरीचा आहे, वयाचा खोटा आहे, चावरा आहे, लाथ मारतो, पाय एकदा निकामी होऊन गेलाय. अशा घोड्यावर विश्वासाने बसलेला माणूस पडला की लोक म्हणणार, नाव बदललं म्हणून झालं. अपघात नावाने झालेला नसतो, नावाबरोबर जी माहिती दडवली तिच्यामुळे झालेला असतो. अंधश्रद्धेच्या पोटात अनुभवाचा असा एखादा खडा सापडतो, म्हणून तिला नुसतं हसून सोडून देऊ नये.

शर्यतीच्या जगाने हाच अनुभव नियमात बसवला. इंग्लंडमध्ये थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या वंशावळीचं जनरल स्टड बुक १७९१ पासून छापलं जाऊ लागलं. अमेरिकेच्या जॉकी क्लबच्या नियमाने घोड्याचं नाव मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांहून मोठं चालत नाही. ते बदलायचं तर पहिल्या शर्यतीआधी. घोडा एकदा मैदानात उतरला किंवा पैदाशीला वापरला की नाव कायमचं. भारतातल्या रेसच्या घोड्यांची स्टड बुकची नोंदणी पुण्यातून चालते.

आता गंमत अशी, की ज्या तीन नरांपासून आजचा प्रत्येक थरोब्रेड वडिलांच्या बाजूने आपला वंश सांगतो, ते तिघेही मालकांच्या नावाने ओळखले जातात. बायर्ली टर्क कॅप्टन बायर्लीचा, गोडॉल्फिन अरेबियन लॉर्ड गोडॉल्फिनचा. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून यॉर्कशरला आला. समुद्र ओलांडण्याआधी मोतद्दार त्यांना काय हाक मारत असतील कोण जाणे. नाव बदलण्याने घोड्याचं वाटोळं होत असतं तर अख्खी जातच उभी राहिली नसती. हाँगकाँगमध्ये तर बाहेरून विकत आणलेल्या पळत्या घोड्यांना नवं नाव देण्याचा रिवाजच आहे. ऑस्ट्रेलियात ‘माँटेग्यू’ म्हणून पळालेला घोडा तिथे ‘ब्यूटी जनरेशन’ झाला, त्याने २०१७ आणि २०१८ ची हाँगकाँग माइल जिंकली आणि लागोपाठ दोन हंगाम तो वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला.

नाव बदलण्यात खरं दुःख कशाचं, हे अ‍ॅना सुएल हिने १८७७ मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत सगळ्यांहून नीट सांगितलं. लहानपणी घोटा दुखावल्यामुळे तिला धड चालता येत नसे. उभा जन्म ती घोडागाडीवर अवलंबून राहिली आणि त्या मुक्या सोबत्यांचं ऋण तिने या एकुलत्या एका पुस्तकात फेडलं. तिचा घोडा विकला गेला की नवं नाव घेतो. डार्की, ब्लॅक ब्यूटी, ब्लॅक ऑस्टर, लंडनच्या भाड्याच्या गाडीला जुंपल्यावर जॅक. त्याचा गुडघा फुटला तो दारूच्या नशेतल्या मोतद्दारामुळे, पण पुढच्या गिऱ्हाइकाला फक्त डागाळलेला गुडघा दिसतो आणि किंमत उतरते. शेवटी जुन्या तबेल्यातला जो ग्रीन त्याला ओळखतो तो नावावरून नव्हे. कपाळावरची पांढरी चांदणी, एक पांढरा पाय आणि पाठीवरचा पांढऱ्या केसांचा छोटा ठिपका, या खुणांवरून.

खुणांवरून घोडा ओळखायची रीत आपल्या मुलखाला चांगली माहीत आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे शुभाशुभाचा विचार नावाशी नव्हे, तर अंगावरच्या भोवऱ्यांशी आणि पांढऱ्या खुणांशी जोडलेला असतो. गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, तो भाग्याचा. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी. काही भोवरे मात्र असे, की घोडा कितीही देखणा असला तरी गिऱ्हाईक पाठ फिरवतं. हासुद्धा अन्यायच, कारण भोवरा म्हणजे केसांची वळण घेऊन उगवायची जागा, त्याहून काही नाही. नावाचं बंधन मात्र आपल्याकडे सैल. बैल बाजारातून दारात आला की घरची माणसं त्याला आपल्या आवडीचा सर्जा किंवा ढवळ्या करून टाकतात आणि औक्षण करून गोठ्यात घेतात.

उलट नाव मुद्दाम वेगळं ठेवून संकट चुकवायची रीत आपल्या घराघरांत होती. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू किंवा केरू. यमाची नजर पडू नये म्हणून. पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांत गंभीर आजाऱ्याला नवं नाव देत, म्हणजे मरणाला तो सापडू नये. एकीकडे ज्या कृतीने अरिष्ट येतं, तीच दुसरीकडे अरिष्टावर उतारा ठरते.

अंतराळात गेलेल्या जनावरांची नावं पाहिली तर हा गोंधळ आणखी स्पष्ट होतो. नोव्हेंबर १९५७ मध्ये स्पुतनिक-२ मधून गेलेल्या कुत्रीचं नाव कुद्र्याव्का होतं, म्हणजे कुरळ्या केसांची. ती जगाला माहीत झाली लायका म्हणून. तिला परत आणायची सोयच केलेली नव्हती आणि काही तासांतच यान तापून ती मेली. मार्च १९६१ मध्ये गेलेल्या कुत्रीचं नाव होतं उदाचा, म्हणजे नशीब. गागारिनने ते बदलून झ्व्योझ्दोच्का, छोटी तारका, केलं. ती सुखरूप उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत तो स्वतः अंतराळात गेला. अमेरिकनांनी त्याच वर्षी जानेवारीत पाठवलेल्या चिंपांझीला अधिकृतपणे फक्त ६५ हा क्रमांक होता. ‘हॅम’ हे नाव जाहीर झालं ते तो जिवंत परतल्यावर. नाव असलेलं जनावर मेलं तर लोक जास्त हळहळतील, हे अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

कोरियन युद्धातली एक घोडी या सगळ्यांत उठून दिसते. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये सोलच्या रेसकोर्सवर एका कोरियन मुलाने आपली लाडकी घोडी अमेरिकन मरीन सैनिकांना २५० डॉलरला विकली. सुरुंगात पाय गमावलेल्या बहिणीला कृत्रिम पाय घ्यायचा होता. घोडीचं मूळ नाव ‘पहाटेची ज्योत’ अशा अर्थाचं. सैनिकांनी तिला ‘रेकलेस’ केलं. मार्च १९५३ मध्ये व्हेगास या ठाण्याच्या लढाईत तिने एका दिवसात ५१ खेपा केल्या, त्यातल्या बहुतेक कोणी सोबत नसताना. चढावर पाठीवर तोफगोळे, उतारावर जखमी जवान. दोनदा जखमी झाली, पण थांबली नाही. तिला सार्जंटचा हुद्दा मिळाला आणि १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या मरीन तळावर वारली.

ताजं उदाहरण आपल्याच देशातलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आठ चित्ते आले, मग दक्षिण आफ्रिकेतून बारा. लोकांकडून नावं मागवण्यात आली आणि एप्रिल २०२३ मध्ये सियायाची ज्वाला झाली, ओबानचा पवन, एल्टनचा गौरव, फ्रेडीचा शौर्य. त्यानंतरच्या काही महिन्यांत एकामागून एक चित्ते दगावले. नामांतरावर बोट ठेवायला ही वेळ अगदी सोयीची. पण सगळ्यांत आधी, मार्चमध्येच, मूत्रपिंडाच्या आजाराने गेली ती साशा, नामांतराच्या आधीच. काही चित्त्यांच्या रेडिओ कॉलरखाली पावसाळ्याच्या ओलाव्यात जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या आणि रक्तात विष भिनलं. आफ्रिकेतल्या हिवाळ्याच्या हिशेबाने या जनावरांच्या अंगावर त्याच काळात दाट केस आले होते. आणि ज्वालेला जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा पिल्लं झाली.

घोड्याला स्वतःला काय वाटतं? त्याला शब्दाच्या अर्थाशी देणंघेणं नसतं. आवाज, त्याचा सूर आणि त्यापाठोपाठ मिळणारा चारा यांची तो सांगड घालतो. पण माणसाची भीती त्याच्यापर्यंत पोचते. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वारांना आणि घोडा हातात धरून नेणाऱ्यांना सांगितलं होतं, की चौथ्या फेरीला छत्री फटकन उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. नामांतराने काहीतरी वाईट होणार या धास्तीने लगाम धरणाऱ्या स्वाराखालचा घोडा बिचकला, तर त्याला कारण तो हात.

म्हणून बऱ्याच तबेल्यांनी मधला मार्ग काढला आहे. कागदावर एक नाव आणि पागेत दुसरं. लंडन आणि रिओ ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकाराचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा व्हॅलेग्रो घरी ‘ब्लूबेरी’ होता. मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली की पंधरा आकडी क्रमांक जन्मभर टिकतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून ती प्रत्येक घोड्याला सक्तीची आहे. मालकाने हवं ते नाव ठेवावं. लस, आजार, शस्त्रक्रिया आणि आधीचे मालक यांची नोंद त्या क्रमांकाशी जोडता येते.

आपल्याकडे रेसच्या घोड्यांना ओळख आणि कागद आहेत. टांग्याला, वीटभट्टीला, वरातीला जुंपलेले घोडे आणि खेचरं मात्र हातोहात विकली जातात आणि दर विक्रीला त्यांचा मागचा सगळा तपशील गळून पडतो. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो, तो आढळला तर जनावराला दयामरण द्यावं लागतं आणि ते कुठून कुठे गेलं याचा माग काढावा लागतो. तो माग काढायला पशुवैद्यकाच्या हाती विकणाऱ्याच्या तोंडी माहितीपलीकडे बहुधा काहीच नसतं. जनावर घेताना त्याचं आधीचं नाव, आधीचा मालक, लसी आणि जुनी दुखणी विचारून एका वहीत लिहून घेतली आणि विकताना ती वही जनावराबरोबर दिली, तर चिप येईपर्यंतचं काम त्या चार ओळींवरही भागतं.