उभ्या मोटारीचा पंचनामा

रस्त्यावरचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भरधाव मोटार येते. इंजिन बंद करून, कुलूप लावून, निमूटपणे कडेला उभी असलेली मोटार येत नाही. ती बिचारी कुणाच्या अध्यातमध्यात नसते, असा आपला समज. श्रोतेहो, आज आम्हांला या समजाविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. सायकलमार्गावर उभी केलेली मोटार ही चालत्या मोटारीइतकीच जिवावर उठू शकते, आणि तिचा गुन्हा मात्र बहुधा कुठल्याच कागदावर येत नाही.

आमच्या युनियनचा एक सभासद, साफसफाईच्या कंत्राटावर काम करणारा, पहाटेच्या पाळीला सायकलने निघाला होता. रस्त्याला सायकलमार्ग होता, त्यावर सायकलीचे चित्रही रंगवलेले होते. पण त्या चित्रावरच एक मोटार उभी होती. तिला वळसा घालण्यासाठी तो मुख्य रस्त्यावर उतरला आणि मागून आलेल्या टेम्पोचा धक्का बसून पडला. मांडीचे हाड मोडले. पंचनाम्यात टेम्पोचा नंबर आला, मोडक्या सायकलीचे वर्णन आले आणि ‘सायकलस्वार अचानक रस्त्यात आला’ असे एक वाक्य आले. मोटारीचा उल्लेख नव्हता. पंचनामा होईपर्यंत तिचा मालक ती घेऊन निघूनही गेला होता.

हा ‘अचानक’ शब्द साधा नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात जखमी माणसाचाही काही दोष होता असे ठरले, तर तेवढ्या प्रमाणात त्याची भरपाई कापली जाते. म्हणजे हाड मोडले ते मोडलेच, वर त्या एका शब्दाने पदरचे पैसेही जातात. म्हणून या शब्दाचा आपण नीट हिशेब करू. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे.

सायकल साधारणपणे ताशी १५ किलोमीटर चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर. टेम्पो ताशी ४० किलोमीटरने आला, तर तो सेकंदाला ११ मीटर येतो. दर सेकंदाला दोघांतले अंतर ७ मीटरने तुटते. टेम्पो १० मीटर मागे असताना सायकल बाहेर आली, तर दीड सेकंदाच्या आतच तो तिला गाठतो. आता धोका डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागतो न लागतो तोच धडक झालेली असते. यात टेम्पोवाला राक्षस नाही आणि सायकलस्वार वेडा नाही. ज्या मोटारीने त्या दोघांना एका पट्टीत आणून सोडले, ती मात्र हिशेबाबाहेर राहते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. मोकळ्या रस्त्यावर, पहाटेच्या वेळी, वाहने वेगात असताना हा वळसा अधिकच घातक ठरतो.

उभ्या मोटारीचा दुसरा धोका दाराचा. सायकलमार्गाला चिकटून मोटार थांबते, मागे न पाहता दार उघडले जाते आणि जवळजवळ मीटरभर लांबीची पत्र्याची भिंत सायकलपुढे उभी राहते. यावर एक फुकटचा उपाय आहे. दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याने डाव्या हाताने दार उघडले की अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डावीकडे बसलेल्याने उजवा हात वापरावा. श्रोत्यांपैकी ज्यांच्याकडे मोटार असेल त्यांनी आज घरी जातानाच ही सवय सुरू करावी.

आता आपल्या पुण्याकडे वळू. हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याची पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. पुढे मोटारी आणि दुचाकी वाढल्या, सायकलस्वार कडेला ढकलला गेला. त्याला जागा परत देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००६ साली बससाठी राखीव मार्ग सुरू झाले, तेव्हा त्यांच्या जोडीने सायकलमार्गही बांधले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे योजलेले होते. कागदावर हे सारे उत्तम. पण रस्त्यावर पाहावे तर सायकलमार्ग शंभर पावले चालतो, मग एक मोटार. पुन्हा पन्नास पावले, मग विजेची पेटी. पुढे मोटारींची रांगच.

यावर पुष्कळजण म्हणतात, ‘सायकलमार्ग कुणी वापरतच नाही, मग तिथे गाडी लावली तर बिघडले कुठे?’ ज्या साकवाची मधली फळी काढली आहे त्यावरूनही कुणी जात नाही. म्हणून साकव नको होता असे ठरत नाही. आणि सायकलवाले संपलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामांवर जाणाऱ्यांत देशभरात २ कोटी ६० लाखांच्या आसपास माणसे सायकलने जात होती. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे सायकलस्वार म्हणजे कोण? पहाटे वर्तमानपत्र टाकणारा, रात्रपाळीचा पहारेकरी, गवंड्याच्या हाताखालचा मजूर. त्यांच्या वेळा आपल्या झोपेच्या असतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न येतो, ‘मग मोटारी लावायच्या कुठे?’ प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण एक मोटार रस्त्याची सुमारे आठ-नऊ चौरस मीटर जागा अडवते. दहा बाय दहाची खोलीही तेवढीच असते, आणि तिच्यात चारपाच माणसांचे कुटुंब भाडे भरून राहते. पथारीवाल्याची टोपली रस्त्यात आली की अतिक्रमण होते आणि गाडीत भरून नेली जाते. तीच जागा मोटारीने रात्रंदिवस अडवली तर ती ‘सोय’ होते. सार्वजनिक जागेचा न्याय सर्वांना सारखाच हवा.

कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका वा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करता येत नाही. २०१७ च्या वाहनचालनाच्या विनियमांत तर पदपथाबरोबर सायकलमार्गावरही वाहन उभे करण्यास स्पष्ट मनाई आहे. कामगारांच्या बाजूनेही एक महत्त्वाची गोष्ट झाली. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच अपघात मानला जाऊ लागला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व घेतले गेले. तेव्हा कामगाराची सुरक्षितता कारखान्याच्या फाटकाशी सुरू होत नाही, ती त्याच्या घराच्या उंबऱ्याशी सुरू होते.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो मागावा लागतो. हे जिथे घडले त्या हॉलंडचे उदाहरण सांगतो. आज तो देश सायकलींसाठी नावाजला जातो, पण तो जन्मापासून तसा नव्हता. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली लेखणी उचलली आणि ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर आले. पुढच्या दशकांत रस्त्यांची रचनाच बदलत गेली. २०२३ साली तिथला वर्षाचा आकडा ६८४ होता, आणि मधल्या काळात लोकसंख्या व मोटारी दोन्ही वाढल्या होत्या. याचे सारे श्रेय सायकलमार्गांना देता येणार नाही. आसनपट्टे आणि सुधारलेले वैद्यकीय उपचार यांचाही त्यात वाटा आहे. पण लोकांनी मागितल्यावाचून रस्ता बदलला नाही, हे निश्चित.

मग आपण काय मागावे? पहिली गोष्ट, नुसता रंग नको. रंगाने चाक अडत नाही, उंच कडेने अडते. जिथे मोटारी लावू द्यायच्याच असतील तिथे त्या रस्त्याच्या बाजूला असाव्यात, आणि त्यांच्या व पदपथाच्या मध्ये, दार उघडण्यापुरती जागा सोडून, सायकलमार्ग असावा. दुसरी गोष्ट, दंडाची कारवाई वर्षातून एक आठवडा नव्हे, रोज व्हावी. तिसरी, प्रत्येक कारखान्यातल्या सुरक्षा समितीने कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटा नकाशावर मांडून अडलेल्या जागा महापालिकेला लेखी कळवाव्यात. आणि चौथी मागणी सर्वांत स्वस्त आहे: सायकलच्या अपघाताच्या पंचनाम्यात ‘सायकलमार्ग होता काय, आणि तो कशाने अडलेला होता’ हे लिहिलेच पाहिजे.

आमचा तो सभासद आता काठीशिवाय चालतो, पण सायकलवर बसत नाही. तो आम्हांला एवढेच म्हणाला, ‘साहेब, मी अचानक नव्हतो आलो. मोटार अगोदरपासून तिथे होती.’ हे वाक्य त्याच्या कागदांत कुठेच नाही. पुढच्या माणसाच्या कागदांत ते असावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.