पाच सेमिस्टरची पदवी कोणाला परवडते?

लेखमाला : गेटच्या आत, गेटच्या बाहेर (भाग ६)

क्रेडिट बँकेचं खातं कसं उघडायचं आणि त्यात क्रेडिट कशी जमा होतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यातून पुढचा प्रश्न आपसूक निघतो. ठरलेली क्रेडिट पूर्ण केली की पदवी मिळणार असेल, तर ती लवकर जमवून लवकर सुटता येईल का? भोसरी-मोशीपासून चाकण-खराबवाडीपर्यंत कॉलेज आणि कंपनी एकाच आठवड्यात बसवणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न जास्तच टोचतो. इथे एक सेमिस्टर म्हणजे सहा महिन्यांचा पगार.

नियमाने उत्तर ‘हो’ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन वाटांना मान्यता दिली, एक लवकर पदवीची आणि दुसरी सावकाश पदवीची. पुढे २०२५ च्या नियमावलीतही त्यांना जागा मिळाली. लवकरच्या वाटेने तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरमध्ये, चार वर्षांची सहा किंवा सात सेमिस्टरमध्ये पूर्ण करता येते. अभ्यासक्रम तोच, एकूण क्रेडिट तेवढीच. यासाठी संस्थेने मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा राखायच्या. म्हणजे १२० जणांच्या वर्गातून जास्तीत जास्त बारा जण. अर्ज पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी करायचा आणि त्या सेमिस्टरमधली कामगिरी पाहून संस्थेची समिती निर्णय देणार. दुसरी सेमिस्टर उलटली की हे दार बंद. बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश घेणाऱ्या किती जणांना पहिल्याच दिवाळीत एवढं पुढचं दिसतं, हा प्रश्न मात्र नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

आता हिशेब. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांतही २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. २२ धरली तर तीन वर्षांची १३२ होतात. पहिल्या सेमिस्टरनंतर ठरवलं तर उरलेली ११० क्रेडिट चार सेमिस्टरमध्ये बसवायची, म्हणजे दर वेळी साडेसत्तावीस. दुसरीनंतर ठरवलं तर ८८ क्रेडिट तीन सेमिस्टरमध्ये, म्हणजे एकोणतीसच्या वर. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास लागतात. त्यामुळे जादा साडेपाच क्रेडिट म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास तरी वाढले. बी.एस्सी.सारख्या लॅबवाल्या पदवीला त्याहून बरेच जास्त. चार वर्षांची पदवी सहा सेमिस्टरमध्ये उरकायची आणि निर्णय दुसरीनंतर घेतला असेल, तर आकडा सेमिस्टरला ३३ वर जातो. सरळ दीडपट.

एवढ्यावर थांबलं तर ही नुसती मेहनतीची गोष्ट वाटेल. खरी अडचण वेळापत्रकात आहे. आपल्या कॉलेजांत पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सेमिस्टरचे विषय पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत शिकवले जातात, तर दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्याचे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पाच सेमिस्टरमध्ये सुटायचं तर सहावीची २२ क्रेडिट आधीच कुठे तरी उरकायला हवीत. सहावीचे विषय वर्गात शिकवले जातात ते फक्त वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत. म्हणजे ते उचलायला दुसरी आणि चौथी अशा दोनच सेमिस्टर उरतात. निर्णय दुसरीनंतर घेतला तर एकटी चौथी. साडेसत्तावीसची सरासरी कागदावर गोंडस दिसते, प्रत्यक्षात दोन सेमिस्टर ३३-३३ च्या आणि बाकीच्या नेहमीसारख्या निघतात. शिवाय दुसरीतल्या मुलाने सहावीचा पेपर घेतला तर त्याची लेक्चर नेमकी आपल्याच तासाला आली, आधीचा पाया झालेलाच नाही, परीक्षा एकाच दिवशी आल्या, या सगळ्यांतून वाट काढायची.

ब्रिटनमध्ये बकिंगहॅमची संस्था १९७६ मध्ये दोन वर्षांच्या पदव्या घेऊनच उभी राहिली. तिथे वर्षाला चार टर्म चालतात आणि उन्हाळ्याची लांब सुट्टी गुंडाळलेली असते. म्हणजे संस्थेने स्वतःचं कॅलेंडर बदललं. आपल्याकडे कॅलेंडर जागच्या जागी आहे आणि त्यात उड्या मारायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकली आहे.

तरीही दोन फटी आहेत, आणि हुशार विद्यार्थ्याने त्या आधीच शोधाव्यात. पहिली ‘स्वयम्’ची. या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर जानेवारी आणि जुलै अशा दोन फेऱ्यांत कोर्स होतात. विद्यापीठाने मान्य केले तर सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. ओपन इलेक्टिव्हसारखे विषय तिथे सरकवले तर सम-विषमाचा फास सैल होतो. कोर्स सुरू होण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती मात्र घ्यायची. नंतर ‘हा कोर्स आमच्या यादीत नाही’ असं ऐकायला लागलं, तर केलेली सगळी मेहनत क्रेडिटशिवाय राहते. दुसरी फट ऑन जॉब ट्रेनिंगची. चार क्रेडिटचं हे काम बहुतेक रचनांत शेवटाकडे असतं, साधारण १२० तासांचं. ते चौथीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत करू दिलं तर चार क्रेडिट एका झटक्यात हलकी होतात. आणि ट्रेनिंगसाठी कंपनी शोधायला आपल्या पट्ट्यातल्या मुलाला लांब जायला नको.

आता सांगतो माझं मत. ही वाट दिवसा मोकळ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. निघोजे-महाळुंगेच्या एखाद्या व्हेंडरकडे कॉन्ट्रॅक्टवर लागलेला मुलगा एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड आणि मधूनच नाइट करतो. त्याला नेहमीची २२ क्रेडिट ओढतानाच ७५ टक्के हजेरीसाठी सरांची मनधरणी करावी लागते. सेकंड सुटून चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करत खोलीवर पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. त्याच्यावर आणखी अकरा क्रेडिट घालणं म्हणजे केटी पदरात घालणं. आणि केटी लागली की लवकर सुटायचं राहिलं बाजूला, नेहमीची तीन वर्षंही हातची जातात.

बरं, वाचलेल्या सहा महिन्यांचं करायचं काय? पाचवी सेमिस्टर हिवाळ्यात संपते. एम.ए., एम.कॉम., एम.बी.ए.चे प्रवेश पुढच्या उन्हाळ्यात. वर्षातून दोनदा प्रवेश द्यायची मुभा आयोगाने संस्थांना दिली आहे, पण ती मुभाच आहे, सक्ती नाही. पदव्युत्तर शिक्षणाकडे जाणाऱ्याचे सहा महिने त्यामुळे रिकामे जायची शक्यता बरीच. नोकरीकडे जाणाऱ्याचं गणित थोडं बरं आहे. शिकाऊ उमेदवारांची भरती वर्षभर कुठे ना कुठे चालू असते. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. सहा महिने आधी तिथे पोहोचलेल्याचा शिकाऊ काळ आधी संपतो, हाच खरा फायदा. गुणपत्रकावर कमी मुदतीत पदवी पूर्ण केल्याची नोंद असते आणि ही पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी, असं आयोगाचं सांगणं आहे. एचआरच्या टेबलावर ती नोंद कोणी अडवली, तर हे सांगणं पुढे ठेवता यावं.

म्हणूनच आपल्या भागातल्या बऱ्याच जणांनी त्याच नियमाची दुसरी बाजू वाचावी. सावकाशच्या वाटेने दर सेमिस्टरला कमी क्रेडिट घेऊन तीन वर्षांची पदवी दोन सेमिस्टरपर्यंत लांबवता येते. अर्ज तसाच, पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. १३२ क्रेडिट आठ सेमिस्टरमध्ये वाटली तर दर वेळी साडेसोळा. शिफ्टवाल्याला हे झेपतं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. पैशामुळे लांबलेल्या शिक्षणाला नियमात जागा असणं ही त्यामानाने फार अलीकडची गोष्ट आहे. वर्ष वाया जाऊन ‘वायडी’ बसला की घरी सांगायची जी धास्ती असते, ती आधीच रीतसर अर्ज केलेल्याला नसते. फक्त शुल्क आणि महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचं वाढीव वर्षात काय होणार, हे कार्यालयातून लिहून घ्यावं.

इंजिनिअरिंगबद्दल थोडक्यात. तिथे एआयसीटीईचे नियम वेगळे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलं की वर्ष वाचतं, असा आपल्याकडे समज आहे. दहावीनंतर तीन आणि तीन सहा, तसेच दोन आणि चारही सहाच. वाचत काहीच नाही. मात्र त्या मुलाच्या हातात तीन वर्षांनी एक नोकरीयोग्य कागद असतो आणि घरची अडचण आली तर तो मधल्या थांब्यावर उतरू शकतो. खरं वर्ष वाचतं ते बारावी सायन्स किंवा दोन वर्षांचा आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याचं. मोरवाडीच्या आयटीआयमधल्या मुलांना हे कोणी तरी वेळेत सांगायला हवं.

शेवटी अर्ज कुठे करायचा ते. आयोगाने परवानगी दिली म्हणून तुमच्या कॉलेजात ही सोय असेलच असं नाही. स्वायत्त कॉलेज किंवा खासगी विद्यापीठ स्वतःचे नियम करू शकतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला परीक्षा विद्यापीठाचीच असल्याने विद्यापीठाच्या नियमाशिवाय काही करता येत नाही. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज देऊन विचारा, की समिती नेमली आहे का, आमच्या शाखेला किती जागा आहेत आणि पुढच्या सेमिस्टरचे विषय आधी घेऊ देणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर पहिल्या दोघांचं ‘हो’ फारसं उपयोगाचं नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.

पुढच्या भागात : कंपनीतलं शिकाऊपण हाच पदवीचा भाग असलेले अभ्यासक्रम, आणि त्यात विद्यावेतन कोण देतं.