ज्ञानगंगेचा पाहुणा

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा नावाचे अभयारण्य आहे. 2019 सालच्या डिसेंबरात तेथे एक तरुण वाघ येऊन पोहोचला. त्याचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा. वाघाचा बच्चा मोठा झाला, की त्यास स्वतःचे राज्य शोधावे लागते. हा जूनमध्ये निघाला व तेलंगणाकडून वळसा घेऊन सुमारे 1,300 किलोमीटर चालला! दिवसा तो कपाशीत अथवा झुडपांत दडून राही, रात्री वाट चाले. गळ्यातील पट्ट्यामुळे उपग्रहाद्वारे त्याचा ठावठिकाणा कळत असे.

1972 च्या कायद्याने वाघाची शिकार बंद झाली. पण रानारानांना जोडणारी झाडी ठिकठिकाणी तुटली आहे. आसामात होल्लोंगापारच्या अरण्यातून लोहमार्ग गेला आणि फांद्यांवरूनच फिरणाऱ्या हुलॉक वानराच्या वाटा खुंटल्या. वाघ निदान शेतांतून चालू तरी शकतो.

ज्ञानगंगेत भक्ष्य होते, पाणी होते; वाघीण मात्र नव्हती. तेव्हा ती बाहेरून आणावी काय, याचा वनखात्याने विचार केला. परंतु अवघे 205 चौरस किलोमीटरांचे रान, भोवती शेती. उद्या बछडे झाले तर त्यांनी जावे कोठे? एप्रिल 2020 मध्ये वाघाचा पट्टा उतरविण्यात आला.