तळ्यात उतरला होता का?

वैशाखात दुपार चढली की नवी मुंबईच्या गावठाणांतली पोरं अजूनही तळ्यात उड्या मारतात. नाकात पाणी जातं, ठसका लागतो, नाक पुसत पुन्हा काठावर चढतात.

नाकात गेलेल्या अशाच पाण्यातून होणाऱ्या मेंदूच्या आजाराची पहिली ठळक नोंद १९६५ ची, ऑस्ट्रेलियातल्या फाउलर आणि कार्टर यांची. कोमट, गोड्या पाण्यातला अमीबा वासाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूत शिरतो. पाणी प्यायल्यानं काही होत नाही, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात तो तगत नाही. फाउलरांवरूनच त्याचं नाव पडलं, नेग्लेरिया फाउलेरी. १९७१ मध्ये दोन भारतीय मुलांची नोंद झाली. मुंबईतल्या डॉ. गोगटे, डॉ. देवधर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अकँथअमीबा या भाऊबंदाचे दोन रुग्ण नोंदवले; पुढच्याच वर्षी पोहण्याच्या तलावातून नेग्लेरिया वेगळा केला. खाडीपलीकडे सिडकोचं शहर तेव्हा जेमतेम रुजत होतं. इतक्या जवळ, इतक्या आधी झालेलं हे काम आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

२०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात जलनेतीसाठी नळाचं पाणी वापरणारे दोघे दगावले. तेव्हापासून आमच्या घरी नेतीचं पाणी आधी खळखळून उकळतं, मग झाकून कोमट होतं.

ताप, डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान. लक्षणं नेहमीच्या मेंदूज्वराचीच, म्हणून दिवस हातचे जातात. पाठीतून काढलेल्या पाण्याचा ताजा थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर अमीबा सरपटताना दिसतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की तो निपचित पडतो, आणि पांढरी पेशी समजून नजर पुढे सरकते.

जगभरात शंभरातले सुमारे ९७ रुग्ण जातात. केरळात मात्र २०२४ मध्ये ३६ पैकी ९ दगावले. तिथे अकँथअमीबाचेही रुग्ण मोजले जातात हे खरं, पण शोधही लवकर लागत होता. कोळिकोडला चौदा वर्षांचा एक मुलगा वाचला. मुलगा तळ्यात पोहला होता, हे वडिलांनी डॉक्टरांना आपणहून सांगितलं, आणि काळ्या आजारावरचं मिल्टेफोसिन वेळेत सुरू झालं. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच तिथे ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू झाले होते.

तापानं फणफणलेलं पोर उन्हाळ्यात दवाखान्यात आलं, तर आपल्याकडेही केसपेपरवर हा प्रश्न छापलेला हवा: गेल्या पंधरवड्यात तळ्यात उतरला होता का?